गिव्ह अप

गिव्ह अप हे इंग्रजी भाषेतील एक बहुप्रचलित फ्रेझल व्हर्ब आहे. मूळ क्रियापदाला एखादा लघुशब्द जोडून जे नव्या अर्थाचे क्रियापद तयार होते, त्यास फ्रेझल व्हर्ब म्हणतात. प्रयत्न सोडणे, हार मानणे, सवय किंवा व्यवसाय सोडणे, हक्क अथवा वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करणे आणि शरण जाणे हे याचे प्रमुख अर्थ होत. इंग्रजीत या सर्वांसाठी एकच शब्दजोडी चालते. मराठीत मात्र काय सोडले, कोणासाठी सोडले आणि स्वेच्छेने सोडले की नाइलाजाने, यानुसार वेगवेगळे शब्द वापरावे लागतात.

घटना व रूपे

'गिव्ह' म्हणजे देणे. 'अप' या शब्दाचा मूळ अर्थ 'वर' असा असला तरी अनेक क्रियापदांना जोडल्यावर तो क्रियेची पूर्णता दाखवितो. उदा. 'ईट अप' म्हणजे खाऊन संपविणे, 'यूज अप' म्हणजे वापरून संपविणे. त्याच न्यायाने 'गिव्ह अप' मध्ये पूर्णपणे देऊन टाकण्याचा भाव आहे. याची भूतकाळी रूपे 'गेव्ह अप' व 'गिव्हन अप' अशी, तर वर्तमानकालवाचक धातुसाधित 'गिव्हिंग अप' असे होते.

अर्थ व उपयोग

१. प्रयत्न सोडणे : या अर्थी क्रियापद कर्मावाचूनही येते. 'डोन्ट गिव्ह अप' म्हणजे प्रयत्न सोडू नकोस. कोड्याचे उत्तर न सुचल्यास इंग्रजी बोलणारा 'आय गिव्ह अप' म्हणतो; मराठी मुले तेथे 'हरलो' म्हणतात.

२. सवय किंवा व्यवसाय सोडणे : 'ही गेव्ह अप स्मोकिंग' म्हणजे त्याने धूम्रपान सोडले. येथे हार मानण्याचा भाव नाही; उलट निग्रह आहे.

३. दुसऱ्यासाठी सोडणे : बसमध्ये वृद्धासाठी जागा सोडणे, हक्क किंवा लाभ सोडणे. केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या 'गिव्ह इट अप' मोहिमेत सधन ग्राहकांना स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन होते. त्यामुळे ही शब्दजोडी इंग्रजी न जाणणाऱ्या घरांतही पोहोचली.

४. स्वाधीन होणे : 'गिव्ह वनसेल्फ अप' म्हणजे स्वतःहून पोलिसांच्या किंवा शत्रूच्या स्वाधीन होणे.

५. आशा सोडणे : 'गिव्ह अप होप' म्हणजे आशा सोडणे. 'गिव्ह अप ऑन' नंतर व्यक्तीचा उल्लेख आल्यास तिच्याकडून काही होईल ही अपेक्षा सोडणे, असा अर्थ होतो.

६. प्राण सोडणे : 'गिव्ह अप द घोस्ट' हा जुना प्रयोग १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये आढळतो. येथे 'घोस्ट' म्हणजे भूत नव्हे, तर प्राण. आज यंत्र बंद पडले तरी विनोदाने हा प्रयोग करतात.

व्याकरणविशेष

कर्म नाम असल्यास ते 'अप' च्या आधी किंवा नंतर येऊ शकते. सर्वनाम असल्यास मात्र ते मध्येच यावे लागते. म्हणून 'गिव्ह इट अप' हे शुद्ध व 'गिव्ह अप इट' हे अशुद्ध. पुढे क्रिया आल्यास तिला 'इंग' प्रत्यय लागतो. 'गिव्ह अप स्मोकिंग' असे म्हणतात, 'गिव्ह अप टु स्मोक' असे म्हणत नाहीत. मराठीतील 'ओढायचे सोडले' या रचनेच्या प्रभावाने विद्यार्थ्यांकडून ही दुसरी चूक अनेकदा होते.

'गिव्ह अप' आणि 'गिव्ह इन' यांतील भेदही लक्षात ठेवण्याजोगा आहे. गणित सुटत नाही म्हणून वही मिटणारा मुलगा 'गिव्ह अप' करतो. मित्रांच्या आग्रहापुढे नमून अभ्यास टाकून खेळावयास जाणारा 'गिव्ह इन' करतो. पहिल्यात प्रयत्नाचा शेवट आहे, दुसऱ्यात दुसऱ्याच्या इच्छेपुढे माघार आहे.

मराठी प्रतिशब्द

मराठीत 'सोडणे' हे सर्वांत जवळचे क्रियापद असले तरी ते सर्वत्र पुरत नाही. उपाय खुंटल्याची कबुली 'हात टेकणे' यात आहे. आधी जोर दाखवून ऐन वेळी कच खाण्यास 'नांगी टाकणे' म्हणतात. ही प्रतिमा विंचवावरून आली आहे. युद्धात 'शस्त्रे खाली ठेवणे' व 'शरण जाणे', तर संपूर्ण लाचारीच्या शरणागतीस 'दाती तृण धरणे' असे म्हटले जाते.

स्वेच्छेच्या त्यागासाठी मराठीत धार्मिक आचारांतून आलेले शब्द आहेत. दान देताना हातावरून पाणी सोडण्याच्या विधीवरून 'हक्कावर पाणी सोडणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. 'घरावर तुळशीपत्र ठेवणे' याचाही उगम दानविधीतच आहे. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करणे किंवा काशीयात्रेनंतर आवडीचे एखादे फळ कायमचे सोडणे, हेही इंग्रजीत 'गिव्ह अप' च होय. अशा ठिकाणी 'हार मानणे' हा शब्द योजल्यास व्रताचे रूपांतर पराभवात होते.

कायद्याच्या व्यवहारात हा भेद अधिक गंभीर ठरतो. वडिलोपार्जित मिळकतीतील हिस्सा सोडण्यासाठी महाराष्ट्रात 'हक्कसोडपत्र' केले जाते. अनेक कुटुंबांत बहिणी भावांच्या लाभात असे पत्र करून देतात. इंग्रजीत हक्क 'गेव्ह अप' केला एवढेच म्हटले, तर तो राजीखुशीने सोडला की आग्रहाने सोडावा लागला, हे त्या क्रियापदातून कळत नाही.

मालेगावची शरणागती (१८१८)

शरणागतीच्या शब्दांवर माणसांचे भवितव्य कसे अवलंबून असते, याचे ठळक उदाहरण नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे आढळते. मोसम नदीकाठचा तेथील भुईकोट किल्ला अठराव्या शतकात नारो शंकर राजेबहाद्दर यांनी बांधला. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस तो अरब शिबंदीच्या ताब्यात होता. मे १८१८ मध्ये लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल याच्या फौजेने किल्ल्यास वेढा घातला. २९ मेचा हल्ला अरबांनी परतवून लावला. ११ जूनला किल्ल्यातील दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन तटाचा मोठा भाग ढासळला. त्यानंतर बोलणी होऊन दोन-तीन दिवसांत शिबंदीने बाहेर येऊन शस्त्रे खाली ठेवली.

इंग्रजांना बिनशर्त शरणागती हवी होती. शिबंदीला मात्र आपल्या जिवाची हमी हवी होती, म्हणून तिला मराठीत लेखी आश्वासन देण्यात आले. त्या मजकुराची शब्दयोजना संदिग्ध होती. त्यामुळे अरब बिनशर्त शरण आले की अटींवर, असा प्रश्न पुढे उभा राहिला आणि अखेर त्याचा अर्थ अरबांना अनुकूल असा लावण्यात आला. किल्ला दोन्ही पक्षांच्या दृष्टीने 'सोडला' गेलाच होता. वाद होता तो कोणत्या वचनावर सोडला याचा.

अशा प्रसंगी नेमकेपणाची गरज असल्याने करारनाम्यांच्या औपचारिक इंग्रजीत 'गिव्ह अप' ऐवजी सहसा 'सरेंडर', 'सीड' किंवा 'रिलिंक्विश' अशी क्रियापदे योजतात. 'गिव्ह अप' चे क्षेत्र प्रामुख्याने बोलण्याचे व सर्वसाधारण लेखनाचे आहे.

मराठी बोलण्यातील वापर

शहरी मराठीत 'गिव्ह अप करणे' असे मिश्र क्रियापद रूढ होत आहे. 'इतक्यात गिव्ह अप करू नकोस' यासारख्या वाक्यांत ते बहुधा प्रयत्न सोडण्याच्या एकाच अर्थाने येते. त्याग आणि स्वाधीन करणे हे अर्थ मराठीत अद्याप मराठी शब्दांकडेच राहिले आहेत. म्हणून भाषांतर करताना प्रथम वाक्यातील कर्म पाहावे, नंतर सोडणाऱ्याची इच्छा पाहावी आणि मगच प्रतिशब्द निवडावा.

हेही पाहा

फ्रेझल व्हर्ब
वाक्प्रचार
हक्कसोडपत्र
मालेगावचा किल्ला