डेक्कन कॉलेजचे पुनरुज्जीवन

डेक्कन कॉलेजचे पुनरुज्जीवन म्हणजे पुण्यातील डेक्कन कॉलेज ही शिक्षणसंस्था १९३४ मध्ये बंद झाल्यानंतर माजी विद्यार्थ्यांच्या प्रयत्नांमुळे ती १९३९ मध्ये पुन्हा सुरू होण्याचा घटनाक्रम होय. बंद होताना ते पदवी महाविद्यालय होते. पुन्हा सुरू झाले ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून.

पार्श्वभूमी

पेशवाईत विद्वानांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतील काही भाग वापरून इंग्रज सरकारने ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. १८५१ मध्ये तिचे 'पूना कॉलेज' झाले आणि १८६४ मध्ये 'डेक्कन कॉलेज' हे नाव मिळाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने येरवड्याला नवी इमारत उभी राहिली व १८६८ मध्ये कॉलेज तेथे गेले. रा. गो. भांडारकर येथे संस्कृतचे प्राध्यापक होते. बाळ गंगाधर टिळक, गोपाळ गणेश आगरकर, वि. का. राजवाडे व गुरुदेव रा. द. रानडे हे येथील विद्यार्थी. टिळक व आगरकर यांचा स्नेह याच परिसरात जुळला; १८८० मध्ये स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलच्या कल्पनेवर त्यांनी येथेच चर्चा केली.

माजी विद्यार्थ्यांचा लढा

मुंबई सरकारने १९३४ मध्ये कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांच्या संघाने या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. प्रश्न केवळ इमारतीचा वा जमिनीचा नव्हता. पाठशाळेपासून चालत आलेली शतकाहून अधिक काळाची विद्यापरंपरा खंडित होण्याचा धोका होता. या प्रयत्नांना यश येऊन १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पुन्हा सुरू झाली.

नवे स्वरूप

जुने पदवी महाविद्यालय मात्र परत आले नाही. त्याच्या जागी भाषाशास्त्र, वेदविद्या, इतिहास, पुरातत्त्व व समाजशास्त्र या विषयांचे संशोधन सुरू झाले. सु. मं. कत्रे, ह. धी. सांकलिया व इरावती कर्वे हे नव्या संस्थेतील आरंभीचे अभ्यासक होत. सातारा येथील द. ब. पारसनीस यांचा ऐतिहासिक संग्रहही १९३९ मध्ये येथे आणण्यात आला.

वारसा

संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेला बृहत्कोश तयार करण्याचे काम संस्थेने १९४८ मध्ये हाती घेतले; त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रकाशित होऊ लागला. पाठशाळेत सुरू झालेले संस्कृतचे अध्ययन अशा रीतीने नव्या रूपात पुढे चालू राहिले. १९९० मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विद्यार्थिदशेत टिळक जेथे राहत, ती वसतिगृहातील खोली स्मारक म्हणून जतन केलेली आहे.