टेलिफोटो झूम लेन्स : वन्यजीव छायाचित्रणातील निवड व वापर

टेलिफोटो झूम लेन्स : दूरच्या प्राण्या-पक्ष्याची प्रतिमा सेन्सरवर मोठी उमटवणारी आणि जिची फोकल लेंग्थ कमीजास्त करता येते अशी लेन्स. वन्यजीव छायाचित्रणात १००–४००, १५०–६०० आणि २००–६०० मिमी हे टप्पे रूढ आहेत. ६०० मिमी एफ/४ ही एकाच फोकल लेंग्थची लेन्स लाखो रुपयांची, बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची. टॅमरॉन व सिग्मा यांच्या १५०–६००, निकॉनची २००–५०० (२०१५) आणि सोनीची २००–६०० (२०१९) या लेन्स आल्यावर तालुक्याच्या गावातला हौशी छायाचित्रकारही पक्ष्यांचे गंभीरपणे चित्रण करू लागला.

उदाहरण म्हणून खानदेशातले सोनगीर घेऊ : ते धुळ्याच्या उत्तरेला सुमारे २० किमीवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे.  भोवती उघडे माळ आणि शेतशिवार. दक्षिणेला धुळ्यापलीकडे लळिंगचे कुरण; उत्तरेला तापी ओलांडली की शिरपूर तालुका, अनेर धरण अभयारण्य आणि सातपुड्याचे सागवान. माळ, पाणी आणि जंगल अशा तिन्ही ठिकाणी एकच लेन्स न्यायची असेल तर झूमच बरी. माळावरची धाविक किंवा हिवाळ्यात गवतावरून तरंगत जाणारा भोवत्या हॅरियर माणसाला जवळ येऊ देत नाही, तिथे ६०० मिमीही अपुरे वाटतात. जंगलाच्या वाटेवर मात्र जनावर अचानक समोर उभे राहते, तेव्हा २०० मिमीवर यावे लागते.

अशी लेन्स कशी कामी येते याचे खानदेशातले सर्वांत बोलके उदाहरण रानपिंगळा या छोट्या घुबडाचे. पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. १८८० च्या दशकात खानदेशात नेमणुकीस असलेले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे त्याची खात्रीशीर नोंद नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षिअभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पुन्हा दिसला. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. गावागावांत दिसणारा ठिपकेवाला पिंगळा आणि रानपिंगळा यांतला फरक बारकाव्यांत आहे : रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छाती गडद तपकिरी, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. हा पक्षी दिवसाही वावरतो आणि उघड्या फांदीवर बसतो, म्हणून छायाचित्रावरून ओळख पक्की करता येते.

इथे लेन्सचा हिशेब उपयोगी पडतो. प्रतिमेचा आकार म्हणजे पक्ष्याची उंची गुणिले फोकल लेंग्थ, भागिले अंतर. २३ सेंमीचा पिंगळा २० मीटरवर असेल तर ६०० मिमीने सेन्सरवर ६.९ मिमी उंच येतो. पूर्ण चौकटीच्या सेन्सरची उंची २४ मिमी असते. ४०० मिमीने तो ४.६ मिमीच भरतो. डोक्यावरचा २ मिमीचा ठिपका ६०० मिमीवर ०.०६ मिमी, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर सुमारे दहा पिक्सेल. ओळख पटवायला तेवढे पुरते. मात्र हवा स्थिर असावी लागते.

खानदेशात लेन्सपेक्षा हवा अधिक नडते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. काळी जमीन सकाळी लवकरच तापते, तिच्यावरून उठणाऱ्या झळांनी प्रकाशकिरण वाकतात आणि पक्ष्याची कड फाटल्यासारखी दिसते. महागडी लेन्स घेऊन आलेला माणूस मग लेन्सला दोष देतो. खातरजमा सोपी आहे : एकाच बसलेल्या पक्ष्याचे दहा फोटो सलग घ्यावेत. प्रत्येकात कड वेगळी हलली असेल तर दोष हवेचा. सगळे सारखेच मऊ असतील तर फोकसचा किंवा लेन्सचा. झळांवर १.४ पट टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंग्थ वाढवणारे जोडभिंग) हा उपाय नव्हेच. तो हवेची थरथरही तितकीच मोठी करतो, शिवाय एफ/६.३ चे एफ/९ होते. पोटावर झोपून पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून फोटो घ्यायचा तो सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासा-दीड तासात. पुढे नजरेची रेषा जमिनीलगतच्या सर्वांत तापलेल्या थरातून जाते. गाडीतून फोटो काढताना एसी बंद करून काच आधीच उतरवून ठेवावी, कारण खिडकीशी गार आणि गरम हवा मिसळली तरी चित्र बिघडते.

निवड करताना म्हणून मिलिमीटरच्या आधी वजन बघावे, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. कॅननची १००–५०० सुमारे दीड किलोची, सोनीची २००–६०० दोन किलोंहून जड, निकॉनची २००–५०० सुमारे २.३ किलोंची. तासभर हातात धरून शांत बसता येईल ती लेन्स पक्ष्याच्या अधिक जवळ नेते. अंतर निम्मे झाले की प्रतिमा दुप्पट होते आणि मधली हवाही निम्मी होते.

बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, उडणाऱ्याला १/२००० च्या आसपास शटर ठेवावे. त्यासाठी आयएसओ वाढला तरी चालेल. स्टॅबिलायझर हाताचा कंप थोपवतो, पंखांची हालचाल नाही. गाडीच्या खिडकीवर ज्वारी भरलेली पिशवी ट्रायपॉडपेक्षा सोयीची.

अभयारण्यात छायाचित्रणाची परवानगी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली येते. रानपिंगळ्याला ध्वनिफितीवरची हाक ऐकवून बोलावणे किंवा घरट्याच्या ढोलीसमोर ठाण मांडणे टाळलेच पाहिजे. त्याची संख्या मुळात फार थोडी आहे.

झूम करताना लांब होणारी लेन्स हवेबरोबर धूळ आत ओढते. उन्हाळ्यात माळावर लेन्स बदलू नये, लेन्सच्या बाहेर आलेल्या नळीवरची धूळ आधी ब्रशने झटकावी आणि मगच ती आत घ्यावी. पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, तेव्हा लेन्स कापडी बॅगेत न ठेवता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी.