पेपर पार पडले, गठ्ठे अडले

राज्य मंडळाचे 2023 सालचे दहावीचे वेळापत्रक आणि त्याच मार्चमधल्या संपाचा घटनाक्रम शेजारी शेजारी मांडला, की 14 तारीख आधी नजरेत भरते. 13 मार्चला गणित भाग 1 झाला होता, 15 ला भाग 2 होता. मधल्या दिवशी जुन्या पेन्शनच्या मागणीसाठी राज्यातले सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. संप मिटला 20 मार्चला. त्या दिवशी विज्ञान भाग 2 चा पेपर होता. सात दिवसांत दहावीचे तीन मोठे पेपर आले: 15, 17 आणि 20 तारखेला. तिन्ही ठरल्या दिवशीच झाले. मग संपाची झळ परीक्षेला नेमकी कुठे लागली?

त्यासाठी तीन आठवडे मागे जावे लागते. बारावीची परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू झाली. नोंदणी 14,57,293 विद्यार्थ्यांची, केंद्रे 3,195. त्याच दिवसापासून कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांच्या महासंघाने बहिष्कार पुकारला. जुनी पेन्शन, 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणारी आश्वासित प्रगती योजना आणि रिक्त पदांची भरती या त्यांच्या मागण्या होत्या. बहिष्कार पर्यवेक्षणावर नव्हता, उत्तरपत्रिका तपासण्यावर होता. मुलांना पेपर देता येत होते. त्यांना झळ लागली असती तर ती निकालाच्या वेळी. मंडळाला मात्र ती पहिल्याच आठवड्यात जाणवू लागली.

पहिल्याच दिवशीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत चूक निघाली. काही प्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीचा मजकूर छापला गेला होता. गुणांचा निर्णय विषयतज्ज्ञ आणि मुख्य नियामकांच्या संयुक्त सभेनंतर होईल, असे मंडळाने कळवले. मुख्य नियामक म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयांतलेच अनुभवी शिक्षक. स्वतःची चूक निस्तरण्यासाठीही मंडळाला त्यांच्याचकडे जावे लागणार होते. पुढे या प्रश्नांचे 6 गुण देण्यात आले. शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांच्याशी बैठक होऊन 2 मार्चला बहिष्कार मागे घेतला गेला. दहावीची परीक्षाही त्याच दिवशी सुरू झाली: 15,77,256 विद्यार्थी, 5,033 केंद्रे.

भांडणाचे मूळ मात्र या परीक्षांपेक्षा जुने होते. 31 ऑक्टोबर 2005 च्या शासन निर्णयाने 1 नोव्हेंबर 2005 पासून सेवेत येणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली आणि अंशदानाची योजना आली. एकाच शिक्षकखोलीत तेव्हापासून दोन प्रकारचे गुरुजी बसू लागले. तास सारखे, वेतनश्रेणी सारखी. पण एकाला निवृत्तीनंतर अखेरच्या पगाराच्या निम्म्यापर्यंत पेन्शनची खात्री, दुसऱ्याच्या पदरात बाजार देईल ते.

तिसरे वेळापत्रक विधिमंडळाचे. अर्थसंकल्पी अधिवेशन 27 फेब्रुवारी ते 25 मार्च असे चालले. 9 मार्चला देवेंद्र फडणवीस यांनी अर्थसंकल्प मांडला. 13 मार्चला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यासोबतची संघटनांची बोलणी फिसकटली. संप सुरू होताच सरकारने दोन्ही हात वापरले. एका हाताने सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमून तीन महिन्यांत अहवाल मागितला. दुसऱ्या हाताने अत्यावश्यक सेवांतील संपाला मनाई करणारा, मुदत संपलेला मेस्मा कायदा पुन्हा आणला. उच्च न्यायालयातही संपाविरुद्ध याचिका गेली. 20 मार्चला मुख्यमंत्र्यांशी चर्चा झाल्यावर संपकरी संघटनांच्या समन्वय समितीचे निमंत्रक विश्वास काटकर यांनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले. 21 ला बारावी संपली, 22 ला गुढीपाडवा होता. 25 ला दहावीचा भूगोल झाला आणि त्याच दिवशी अधिवेशनही संपले.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तपासणी दोनदा खोळंबली: आधी बहिष्काराने, मग संपाने. त्याचा परिणाम मोजायला निकालाच्या तारखा उपयोगी पडतात. बारावीचा निकाल 25 मे 2023 ला लागला, म्हणजे शेवटच्या पेपरनंतर 65 दिवसांनी. आदल्या वर्षी हेच अंतर 62 दिवसांचे होते. पण 2022 चा आकडा जपून वापरायला हवा. त्या वर्षी प्रश्नपत्रिका नेणारी गाडी जळाल्याने दोन दिवसांचे पेपर 5 आणि 7 एप्रिलवर गेले होते, त्यामुळे बहुतेक विषयांची तपासणी त्याआधीच सुरू होऊ शकत होती. दहावीत असा घोळ नव्हता. 2022 मध्ये शेवटच्या पेपरपासून निकालापर्यंत 74 दिवस गेले होते. 2023 मध्ये निकाल 2 जूनला लागला, 69 दिवसांत.

म्हणजे संपाच्या वर्षी दहावीचा निकाल पाच दिवस कमी वेळात लागला. बुडालेले दिवस एप्रिल-मे महिन्यांत भरून निघाले. भूमितीची उत्तरपत्रिका भूमिती शिकवणाऱ्यानेच तपासायची असते, तिथे बदली माणूस चालत नाही. तेव्हा हे दिवस भरून काढणारेही शाळांतले शिक्षकच होते. त्यांच्या पदरात पडले ते उशिरा आणि तुकड्यांनी. ज्यांच्या भरतीची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी निघाली, पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय देण्याचे मंत्रिमंडळाने 4 जानेवारी 2024 ला ठरवले. तोवर दहावीची पुढची तुकडी परीक्षेला दोन महिन्यांवर येऊन ठेपली होती.