ऑइल फिल्टर : कंपनीचा आणि बाजारातला

ऑइल फिल्टर, मोटारगाडीचा : इंजिनात फिरणाऱ्या तेलातला कचरा अडवणारा, ठरावीक मुदतीने बदलायचा सुटा भाग. झिजेतून सुटलेले धातूचे कण, इंधन जळून झालेली काजळी आणि हवेवाटे शिरलेली धूळ हा त्या कचऱ्यातला मुख्य ऐवज. भारतात हा भाग दोन वाटांनी मिळतो. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या खोक्यातून येतो तो ‘कंपनीचा’ किंवा ‘जेन्युइन’. फिल्टर बनवणारी कंपनी स्वतःच्या नावाने विकते तो ‘बाजारातला’. अमरावती-अकोल्याच्या गॅरेजांत तिसरा शब्दही कानावर येतो : ‘डुप्लिकेट’, म्हणजे बनावट. गाडीवाल्याचे खरे नुकसान होते ते या तिसऱ्यामुळे.

रचना : डब्यासारख्या, आट्यांवर फिरवून बसवायच्या फिल्टरमध्ये घड्या घातलेला कागद, त्याला आधार देणारी नळी, दोन झडपा आणि बाहेरची रबरी रिंग असते. पंपाने ढकललेले तेल कडेच्या लहान छिद्रांतून आत शिरते, कागदातून गाळले जाऊन मधल्या मोठ्या छिद्रातून बेअरिंगांकडे जाते. कागद तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट झाले, तर पहिली झडप उघडून तेलाला गाळण्याविना वाट देते. बेअरिंग कोरडे राहण्यापेक्षा न गाळलेले तेल मिळालेले बरे, हे त्यामागचे कारण. ती किती दाबाला उघडावी हे इंजिनागणिक ठरलेले असते. दुसरी झडप इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले तेल परत ओघळू देत नाही. ती कडक झाली की सकाळी गाडी सुरू करताना क्षणभर खडखड ऐकू येते. ही झडप नायट्राइल रबराची किंवा सिलिकॉनची असते. सिलिकॉन उष्णतेत जास्त काळ लवचीक राहते.

इतिहास : सुरुवातीच्या मोटारींत पंपाच्या तोंडाशी जाळी असे, त्यापलीकडे काही नाही. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी 1923 मध्ये मोटारीसाठी ऑइल फिल्टर तयार केला. ‘प्युरोलेटर’ हे नाव त्याच फिल्टरचे. सुरुवातीच्या या फिल्टरांच्या पद्धतीत तेलाचा थोडाच भाग फिल्टरमधून जाई. पुढे सगळे तेल गाळण्याची रीत रूढ झाली आणि 1950 च्या दशकात फिरवून बसवायचा डबा आला.

एक कारखाना, अनेक खोकी : मोटार कंपन्या बहुधा फिल्टर स्वतः बनवत नाहीत. ते पुरवणारे उद्योग निराळे आहेत : माले, मान अँड हुमेल, बॉश, फरिदाबादची इलोफिक, पुण्याची फ्लीटगार्ड. यांतल्या कित्येकांचा माल मोटार कंपन्यांनाही जातो आणि स्वतःच्या नावाने दुकानातही येतो. महाराष्ट्रातले एक उदाहरण बोलके आहे. फियाटचे 1.3 लिटर डिझेल इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावात आणि हरियाणातल्या मानेसरात बनत असे. मारुती स्विफ्टमध्ये ते ‘डीडीआयएस’, टाटा इंडिका व्हिस्टात ‘क्वाड्राजेट’ आणि फियाट पुंटोत ‘मल्टिजेट’ म्हणून धावले. एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 निकष लागू झाले आणि ते मोटारींतून गेले. जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. एकाच घराण्याच्या इंजिनासाठी तीन कंपन्यांची तीन खोकी आणि शिवाय बाजारातली नावे, अशी ही स्थिती. या इंजिनात डबा नसतो. झाकण उघडून आतला कागदी एलिमेंट तेवढा बदलतात. आवृत्तीनुसार मापे बदलत असल्याने खोक्यावरचा भाग क्रमांक गाडीच्या पुस्तिकेशी जुळवूनच घ्यावा लागतो.

तुलनेचे माप : ‘20 मायक्रॉनचा फिल्टर’ एवढ्याने काही कळत नाही. त्या आकाराचे निम्मे कण अडवणाराही तसेच म्हणवतो आणि शंभरातले नव्याण्णव अडवणाराही. तेल पुन्हा पुन्हा फिरवून घ्यायची चाचणी आयएसओ 4548 मालिकेच्या बाराव्या भागात दिली आहे. त्या चाचणीत किती मायक्रॉनला किती टक्के कण अडले, हे सांगणारा उत्पादक विश्वासाला जास्त पात्र. आटे जुळले म्हणून फिल्टर जुळला, हा समजही धोक्याचा. आटे तेच आणि झडपेचा दाब वेगळा, असे दोन डबे एकाच फळीवर असू शकतात.

हमी आणि कायदा : ‘बाहेरचा फिल्टर बसवला की वॉरंटी गेली’ हे वाक्य काउंटरवर सर्रास ऐकू येते. सुटे भाग खुल्या बाजारात मिळत नाहीत, या शमशेर कटारिया यांच्या 2011 मधील तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी आदेश दिला. मारुती, टाटा, महिंद्र, होंडा, टोयोटा यांच्यासह 14 कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड झाला. सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करावेत, स्वतंत्र गॅरेजात काम केले एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे झालेल्या नुकसानीपुरतीच ती नाकारावी, असे आयोगाने म्हटले. कंपन्या अपिलात गेल्या. 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निसान यांचा दंड सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजायला सांगितला. ग्राहकासाठी व्यवहारातला अर्थ हा, की हमीच्या काळात पक्के बिल, भाग क्रमांक आणि किलोमीटरची नोंद जपावी. वाद झाला तर तोच पुरावा.

वऱ्हाडातील परिस्थिती : अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यांवर उन्हाळ्यात फुफाटा उडतो, कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या वाहनांची रीघ लागते. अमरावती-अकोला महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडले आणि उखडलेल्या पट्ट्यांवर धूळ खात गाड्या चालल्या. जून 2022 मध्ये याच मार्गावर लोणी ते माना असा 75 किलोमीटरचा एकेरी डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरून गिनीज विक्रम झाला. महामार्ग सुधारला, तरी दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरच्या शेतवाटा तशाच धुळीच्या आहेत. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट खालच्या गिअरमध्ये चढताना तेल अधिक तापते, ते वेगळेच.

धुळीविरुद्धची पहिली भिंत एअर फिल्टर आहे. तो फाटका असेल तर सर्वांत महाग ऑइल फिल्टरही इंजिन वाचवत नाही. अनेक मोटारींची सर्व्हिसिंग 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यातले जे आधी येईल त्याला असते. पण धुळीत, कडक उन्हात आणि लहान फेऱ्यांत चालणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेत वेगळा, कमी अंतराचा तक्ता दिलेला असतो. रोज शेतावर जाणाऱ्या गाडीला तोच तक्ता लागू करावा. उत्तम फिल्टर दुप्पट काळ ताणण्यापेक्षा साधा पण अस्सल फिल्टर वेळेवर बदलणे इंजिनाला जास्त मानवते.

निवड : नवी गाडी हमीत असेपर्यंत कंपनीचा फिल्टर घेणे सोयीचे, किमतीतला फरक थोडा आणि वादाला जागा उरत नाही. हमी संपल्यावर नामांकित पुरवठादाराचा, त्याच भाग क्रमांकाला पर्याय म्हणून त्याच्या यादीत दिलेला फिल्टर निर्धास्त वापरता येतो. विनानावाचा किंवा बिलाविना मिळणारा डबा कोणत्याही भावात घेऊ नये. बनावट मालात कागद विरळ, घड्या कमी, झडप नावापुरती आणि छपाई फिकट आढळते. होलोग्राम, कमाल किंमत, उत्पादनाचा महिना आणि आट्यांची सफाई तपासावी. खोटे व्यापारचिन्ह लावून माल विकणे हा 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याने गुन्हा असून सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे.

बसवणे आणि विल्हेवाट : जुन्या फिल्टरची रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा डबा बसला, तर दाबाने तेल उडून बाहेर येते, म्हणून ती निघाल्याची खात्री करावी. नव्या रिंगला तेलाचा हात लावून डबा हाताने टेकेपर्यंत फिरवावा, मग सूचनेप्रमाणे बहुधा पाऊण फेरा आवळावा. पान्याने करकचून नाही. गाडी सुरू करून गळती आणि बंद केल्यावर तेलाची पातळी पाहावी. काढलेला फिल्टर निथळत ठेवून त्यातले तेल वापरलेल्या तेलात जमा करावे. तेलकट फिल्टर आणि वापरलेले तेल 2016 च्या घातक कचरा नियमांखाली येतात; नालीत ओतणे किंवा जाळणे चुकीचे, ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे.