दुचाकीची खतावणी

कामावर जाण्यासाठी मोटारसायकल परवडते की नाही, हा प्रश्न आज पुण्यातील चाकरमानी कुटुंबात हप्ता, पेट्रोल आणि बसचा मासिक पास यांची वजाबाकी करून अर्ध्या तासात निकाली निघतो. परंतु ज्या आकड्यांवर ही वजाबाकी उभी असते, ते आकडे त्या कुटुंबाच्या हातचे कधीच नव्हते. कारखाने कोठे उभे राहिले, वाहने बनविण्याचे परवाने कोणाला मिळाले, तेलाचे भाव कोणत्या देशांनी चढविले आणि महापालिकेने बसगाड्यांची किती हयगय केली, या साऱ्यांचा इतिहास त्या आकड्यांत मुरलेला असतो. म्हणून गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुणेकराने दुचाकीचा हिशेब कसा मांडला आणि त्यात कोणती रक्कम जमेस धरली, हे तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

स्वातंत्र्याच्या सुमारास या नगरात असा हिशेब मांडण्याचे प्रयोजनच नव्हते. कचेऱ्या, छापखाने, शाळा, महाविद्यालये आणि बाजारपेठा ही सगळी शनिवारवाड्यापासून दोन-तीन मैलांच्या परिघात वसलेली, आणि त्या परिघाला पायी जाणे नाही तर सायकल पुरेशी होती. सायकलींचे शहर हा पुण्याचा लौकिक ज्या काळात देशभर झाला, त्या काळात सायकलवर कर भरावा लागे, त्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे, आणि रात्री दिव्यावाचून किंवा ‘डबलसीट’ जाणाऱ्यास पोलीस बिनदिक्कत अडवीत. तरीही स्वतःची नसेल तर तासाच्या भाड्याने घेऊन कारकुनापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांनी या वाहनाला जवळ केले. मोटारसायकल त्या वेळी छावणीतील लष्करी अंमलदारांची, पोलीस खात्याची आणि काही हौशी श्रीमंतांची. तिचा फटफटाट ऐकून पोरे रस्त्यावर धावत, पण तीवरून नोकरीस जावे हा विचार मध्यमवर्गीय गृहस्थाच्या मनास शिवत नसे.

हा परिघ मोडला तो दोन बाजूंनी, आणि योगायोगाने जवळजवळ एकाच वेळी. उत्तरेस १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळरानांवर भूखंड पाडले गेले, टेल्को आणि बजाज यांसारखे प्रचंड कारखाने तेथे उभे राहिले, आणि १९७० साली त्या गावांची मिळून एक नगरपालिकाही झाली. इकडे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेकाठच्या पेठा वाहून गेल्या, आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती जुन्या वस्तीबाहेर वसविण्यात आल्या. अशा रीतीने घरे एका दिशेला सरकली, नोकऱ्या दुसऱ्या दिशेला गेल्या, आणि पर्वतीच्या पायथ्याशी राहणाऱ्या फिटरास अथवा हिशेबनिसास शिवाजीनगर, खडकी, दापोडीचा पूल आणि कासारवाडी ओलांडून आकुर्डीपर्यंत वीस किलोमीटरच्या आसपास मजल रोज दोनदा मारावी लागू लागली. सायकलने हे अंतर काटणारे कामगार होतेच. परंतु पाळी संपवून परतताना त्यांच्या देहाची काय अवस्था होई, हे त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक.

याहूनही मोठा बदल घडविला तो कारखान्याच्या फाटकावरील घड्याळाने. सरकारी कचेरीत दहा-पंधरा मिनिटांचा विलंब हेडक्लार्कच्या मेहेरनजरेत विरून जाई. कारखान्यात मात्र कार्डावर छापलेली वेळ कोणाची भीड धरीत नसे, आणि उशिराबद्दल कापलेला पगार महिनाअखेरीस पाकिटात उणा दिसे. मोठ्या कारखान्यांनी आपल्या माणसांसाठी बसगाड्या ठेवल्या होत्या. परंतु लहान कार्यशाळांतील आणि पुरवठादारांकडील असंख्य नोकरांना १९५० साली महापालिकेकडे आलेल्या सार्वजनिक बससेवेवर भिस्त ठेवणे भाग होते, आणि पुणे-लोणावळा लोकल तर १९७८ साली सुरू झाली. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाची खरी चिंता तिकिटाच्या पैशांची नव्हती. बस येईल की नाही, आली तर थांबेल की नाही, ही होती. यास्तव दुचाकीसाठी माणूस जी रक्कम मोजण्यास तयार झाला, ती मुख्यतः वेळेवर पोहोचण्याच्या हमीची किंमत होती. मैलामागे किती आणे वाचले, हा विचार त्याच्या दृष्टीने दुय्यम होता.

परंतु ही हमी बाजारात सहज मिळत नव्हती. बजाज यांना १९५९ साली दुचाकी-तीनचाकी बनविण्याचा सरकारी परवाना मिळाला. इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा स्कूटर निघू लागली, ते सहकार्य १९७१ साली संपुष्टात आल्यावर १९७२ साली राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव धारण करून ‘चेतक’ अवतरली. किती गाड्या बनवायच्या हे मात्र परवान्याने बांधून दिलेले, आणि मागणी त्याच्या कैकपटींनी. ज्याला स्कूटर हवी त्याने पोस्टात अनामत रक्कम भरावी, ते पासबुक विक्रेत्याकडे तारण ठेवावे, क्रमांक लावून घ्यावा आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावी, असा शिरस्ता होता. सत्तरच्या दशकात ही मुदत दहा वर्षांच्या घरात गेली. परदेशस्थ नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरल्यास क्रमांक चटकन लागे, सरकारी कोट्यातूनही काही भाग्यवंतांची वर्णी लागे. बाकीच्यांनी पासबुक ट्रंकेत जपून ठेवायचे. आकुर्डीच्या बजाज कारखान्याच्या दारातून रोज नव्या कोऱ्या गाड्या बाहेर पडत, आणि त्याच रस्त्यावरून बसच्या दांडीला लोंबकळत जाणारा माणूस आपल्या क्रमांकाची प्रतीक्षा करी.

या टंचाईने हिशेबाच्या वहीत एक विलक्षण उलटापालट केली. कोणतेही यंत्र वापराने झिजते आणि त्याचे मोल उतरते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम. पण येथे रांगेतून हाती आलेली स्कूटर दुसऱ्या दिवशी विकली तरी दिलेल्या किमतीहून अधिक दाम देणारे गिऱ्हाईक दारात उभे असे. घसाऱ्याचा रकानाच कोरा राहिल्यामुळे ‘परवडते का?’ या प्रश्नाचे उत्तर पेट्रोलचा भाव पाहण्याआधीच होकारार्थी ठरून गेले. वाहन ही मिळकत समजण्याची, लग्नाच्या बोलण्यांत तिचा बेशरमपणे उल्लेख करण्याची आणि रविवारी सकाळी ती पुसून लख्ख करण्याची जी वृत्ती त्या पिढीत रुजली, तिचे मूळ परवाना-पद्धतीतच होते.

मोटारसायकलीही त्या काळी मिळत होत्या: मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा आणि पुढे येझदी, फरिदाबादची राजदूत. तरी पुण्याच्या नोकरदाराने पंचवीस वर्षे पसंती दिली ती स्कूटरलाच, आणि ती सकारण होती. स्कूटरचे इंजिन पत्र्याखाली झाकलेले असल्याने इस्तरीच्या विजारीला तेलाचा डाग लागत नसे; पुढच्या सपाट जागेत भाजीची पिशवी नाही तर लहान मूल उभे राही, मागे पत्नी पातळ सावरून एका अंगाने बसे, आणि सुट्या चाकामुळे पंक्चर झाले तरी अडून पडण्याचे भय नसे. मोटारसायकलीची मोठी चाके खेड्यापाड्यांच्या कच्च्या वाटांना मानवत. म्हणून दुधाच्या कॅनांच्या जोड्या लटकावून पहाटे शहरात शिरणारा गवळी राजदूतवर आणि बागायतदार बुलेटवर दिसे.

मात्र स्कूटर घेतली म्हणजे यातायात संपली, असे नव्हते. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावे लागे, आणि ते मिश्रण नीट जळले नाही की प्लगवर काजळी धरे. थंडीच्या दिवसांत वाड्याच्या दाराशी गृहस्थ प्रथम गाडी आपल्या अंगाकडे कलती करी, मग चोक ओढी, मग किकवर पाय देई. सात-आठ किकांनंतरही ती हूं की चूं करीना, तेव्हा डिकीतून पाना काढून प्लग उतरवायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारून परत बसवायचा. हा विधी पाठ नसलेला स्कूटरमालक त्या काळी विरळाच. त्यातच १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले, जगात कच्च्या तेलाचे भाव चौपट झाले, आणि दारातल्या स्कूटरचे पेट्रोल महाग झाले. नेमक्या याच काळात फिरोदियांच्या कायनेटिकने बाजारात आणलेली पन्नास सीसीची लूना, पेट्रोल संपले तर पायडल मारून घरी नेता येणारी, शिक्षिका, विमा एजंट आणि निवृत्त कारकून यांच्या पथ्यावर पडली.

मोटारसायकलीचे दिवस फिरले ते १९८५ साली. हीरो आणि जपानची होंडा यांच्या भागीदारीतून निघालेली सीडी-१०० ही फोर-स्ट्रोक इंजिनाची गाडी तेल मिसळण्याची कटकट मागत नव्हती, आणि जाहिरातीत लिटरला ऐंशी किलोमीटरची ग्वाही देत होती. स्कूटर त्याच्या निम्म्यावर पोहोचली तरी मालक समाधान मानी. परवान्यांचे बंध सैल होऊन १९९१ नंतर ते जवळजवळ गळून पडले, रांगा ओसरल्या, पुढे बँका हप्त्याने कर्ज देऊ लागल्या, आणि शतक संपता संपता देशात मोटारसायकलींचा खप स्कूटरवर मात करून गेला. बजाजांनीही काळाची पावले ओळखून २००१ साली पल्सर आणली आणि २००९ साली स्कूटर बनविणेच थांबविले. घसाऱ्याचा रकाना आता पुन्हा भरू लागला होता; परंतु पेट्रोलच्या रकान्यातील बचत एवढी ठळक होती की तिकडे कोणी पाहिले नाही.

तात्पर्य, प्रत्येक घराचा हिशेब बिनचूक होता. मात्र त्या साऱ्या हिशेबांची नगराच्या पातळीवर बेरीज झाली, तेव्हा निराळेच चित्र उमटले. २०१८ साली पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याचे जाहीर झाले, आणि छत्तीस लाखांवर गेलेल्या त्या वाहनांत सुमारे सत्तावीस लाख दुचाकी होत्या. ज्याला ऐपत होती त्याने बसची पायरी सोडली, म्हणून बसची निगा राखण्याचा तगादा लावणारे तोंड उरले नाही, आणि बस खालावली म्हणून उरलेल्यांनीही दुचाकी घेतली. २००६ साली बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका आखल्या गेल्या, त्या पुढे कोठे तुटल्या तर कोठे इतर वाहनांनी बळकावल्या. शहराने हिंजवडीस माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या नेऊन ठेवल्या, त्याही पुन्हा लोकवस्तीपासून दूर, आणि पिंपरीच्या वेळी झालेला प्रकार नव्या पिढीकरिता जसाच्या तसा घडला.

आणखी एक रकाना पुणेकराने जाणूनबुजून कोरा ठेवला, तो जिवाचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने शिरस्त्राण सक्तीचे केले असताही या शहराने त्याविरुद्ध मोर्चे काढले, समित्या स्थापन केल्या आणि मान दुखण्यापासून केस गळण्यापर्यंतची कारणे पुढे केली. २०२२ साली देशातील रस्ते-अपघातांत एक लाख अडुसष्ट हजारांवर माणसे मृत्यू पावली आणि त्यांत शेकडा चव्वेचाळीसच्या आसपास दुचाकीवरची होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या वाहनाच्या स्वस्ताईवर कोणता बोजा चढलेला आहे याची कल्पना येते.

तेव्हा मोटारसायकलवरून कामावर जाणे फायद्याचे आहे काय, या प्रश्नाला इतिहासाचे उत्तर असे की, वेळेवर पोहोचण्याची हमी थोड्यांकडे होती तोवर ते फायद्याचे होते. सर्वांनी ती विकत घेतली आणि विद्यापीठाच्या चौकात सारेच एकत्र अडकले, तेव्हा तिची किंमत उतरली. पेट्रोल आणि हप्ता मात्र पूर्वीसारखाच वसूल होत राहिला. आज पिंपरीहून शिवाजीनगरपर्यंत मेट्रो धावते, आणि वेळेवर पोहोचण्याची तीच हमी तेथे तिकिटाच्या पैशांत मिळते. ज्याचे घर आणि कचेरी दोन्ही स्थानकांजवळ आहेत, त्याने मोटारसायकल विकून टाकण्यात काही गैर नाही. परंतु ज्याला स्थानकापासून पुढचे चार-पाच किलोमीटर नेणारी बस वेळेवर येत नाही, त्याने ती राखली तर त्यास दोष देण्याचा अधिकार त्या बसची व्यवस्था न लावणाऱ्यांना पोहोचत नाही.