मेन कून : राजवाड्यातून की गोठ्यातून?

प्रत्येक जुन्या घराण्याला मूळ पुरुषाची एक कथा असते आणि ती बहुधा घराण्याच्या वास्तव इतिहासापेक्षा थोडी अधिक भव्य असते. कोणाचा पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेला असतो, तर कोणाचा गायकवाडांच्या दरबारी मानकरी असतो. खरे पाहता पुष्कळांचे पूर्वज कारकुनी, भिक्षुकी किंवा सावकारी करण्यासाठी आले आणि तेथेच रुजले. माणसाची ही हौस त्याने पाळलेल्या जनावरांच्या वाट्यालाही येते. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यातील ‘मेन कून’ या लांब केसांच्या मांजराची कुळकथा या दृष्टीने मोठी मनोरंजक आहे.

त्यातील सर्वांत प्रसिद्ध कथा फ्रान्सच्या राणीची. मारी आंत्वानेत हिने राज्यक्रांतीतून निसटून जाण्याच्या तयारीने आपले सामान व लाडकी मांजरे सॅम्युएल क्लफ या कप्तानाच्या जहाजावर चढवली. ऑक्टोबर १७९३ मध्ये राणीचा शिरच्छेद झाला. मांजरे मात्र मेनच्या विस्कॅसेट बंदरात सुखरूप उतरली, असे सांगतात. दुसरी कथा रॅकून या वन्य प्राण्याची. करड्या-तपकिरी पट्ट्यांची झुबकेदार शेपटी पाहून हे मांजर रॅकूनच्या संकरातून जन्मले, असे लोक मानू लागले आणि ‘कून’ हे नाव त्याला चिकटले. जीवशास्त्रदृष्ट्या असा संकर अशक्य आहे. राणीच्या कथेलाही पुराव्याचा आधार नाही.

वस्तुस्थिती याहून साधी आहे. सतराव्या शतकापासून युरोपीय वसाहतवाले या किनाऱ्यावर उतरू लागले. जहाजावरील धान्याला उंदरांपासून जपायचे, तर मांजर हवेच. ही मांजरे बंदरात उतरली, शेतकऱ्यांच्या गोठ्यांत व कोठारांत राहिली आणि आपसात वाढली. लांब केसांचा गुण अप्रकट राहू शकतो. आखूड केसांच्या आईबापांकडून तो जोडीने आला, म्हणजे पिलू लांब केसांचे निपजते. या गुणाशी संबंधित जनुक २००७ मध्ये निश्चित झाले. तेव्हा लांब केसांसाठी राणीच्या मांजरांची गरजच उरत नाही. मेनच्या हिवाळ्यात महिनोन् महिने बर्फ असते. तेथे ज्याच्या अंगावर दाट केस, तेच तगले आणि त्याचाच वंश पुढे चालला.

या निवडीच्या खुणा त्याच्या सर्वांगावर दिसतात. बोका साधारण सहा ते आठ किलो भरतो, मादी साडेतीन ते साडेपाच किलोची असते. पूर्ण वाढ होण्यास तीन ते पाच वर्षे लागतात. केस खांद्यांवर आखूड, तर पोटाखाली व मांड्यांवर लांब असतात. स्पर्शाला ते किंचित तेलकट लागतात, त्यामुळे पाणी चटकन मुरत नाही. गळ्याभोवती आयाळीसारखा घेर असतो. पंजे रुंद, बोटांमधून केसांचे झुपके बाहेर आलेले. बर्फावर चालताना त्यांचा उपयोग होतो. झोपताना झुबकेदार शेपटी अंगाभोवती घेतली की पांघरूण तयार. एवढ्या आडदांड देहातून आवाज मात्र पाखरासारखा किलबिलता निघतो, हे पाहून नवखा माणूस चकित होतो.

इ. स. १८९५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले. तेथे ‘कोझी’ नावाची तपकिरी पट्ट्यांची मेनची मांजरी सर्वोत्तम ठरली आणि रुपेरी पट्ट्याची मानकरी झाली. फ्रान्सिस सिम्प्सन यांच्या १९०३ च्या ग्रंथात मेनच्या मांजरांवर स्वतंत्र प्रकरण आले. पण पुढे लोकांचे लक्ष पर्शियन मांजरांकडे वळले आणि गोठ्यातले हे मांजर प्रदर्शनांतून बाहेर पडले. विसाव्या शतकाच्या मध्यास तर ही जात नामशेष झाली, असेही बोलले गेले. शेतकऱ्यांच्या घरी मात्र ती उंदीर मारीतच होती. काही स्थानिक हौशी लोकांनी १९५० नंतर तिची प्रदर्शने भरवली, वंशावळी लिहून ठेवल्या. १९६८ मध्ये तिच्या पाळकांची संघटना झाली, १९७६ मध्ये अमेरिकेतील प्रमुख मार्जार-संस्थेने तिला अजिंक्यपदाच्या स्पर्धेत घेतले आणि १९८५ मध्ये मेन राज्याने तिला राज्याचे अधिकृत मांजर म्हणून गौरवले.

येथपर्यंत कथा सुखान्त वाटते. परंतु वंशावळ लिहिली गेली, म्हणजे तिच्या बाहेरचे रक्तही थांबले. आज वंशावळीत असलेल्या मेन कूनपैकी बहुतेकांच्या पूर्वजांचा शोध घेतला, तर आरंभीच्या मोजक्याच मांजरांची नावे पुन्हा पुन्हा येतात. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक विकार या जातीत आढळतो. त्यास कारण होणारा एक जनुकीय दोष २००५ मध्ये सापडला आणि पुढील पाहण्यांत सुमारे एक तृतीयांश मेन कूनमध्ये तो असल्याचे दिसले. मिश्र रक्ताने व कष्टाने जे शरीर काटक झाले होते, त्यालाच कुळाच्या शुद्धतेने दुबळे करावे, यासारखा दैवदुर्विलास नाही. आता सुजाण पाळक जोड लावण्यापूर्वी दोन्ही मांजरांच्या हृदयाची व जनुकांची तपासणी करून घेतात, हे समाधानाचे आहे.

अलीकडे आपल्याकडील मोठ्या शहरांतही ही मांजरे दिसू लागली आहेत. बर्फासाठी घडलेला तो केसाळ अंगरखा आपल्या वैशाखात त्यांना जड जातो. थंड खोली, भरपूर पाणी आणि नियमित विंचरणी यांची सोय असेल, तरच त्यांना घरी आणावे. आणि आणायचेच झाले, तर विकणाऱ्याजवळ आजोबा-पणजोबांच्या पदकांची चौकशी करण्याआधी आईबापांच्या हृदयतपासणीचे कागद मागावेत.