संथ चालीचे श्रेय कुणाचे?

जुन्या मोटारीचे इंजिन जागेवर उभे असताना संथ आणि एकसारखे चालले, की श्रेय कार्ब्युरेटरला मिळते. अडखळले, की आधी त्याचेच स्क्रू फिरवले जातात. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १८९३च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने फवारा कार्ब्युरेटर घडवला आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण जुळवण्याचा प्रश्न बराचसा सुटला. ते मिश्रण सगळ्या सिलिंडरांना सारखे वाटण्याचा प्रश्न मात्र पुढे कित्येक दशके अभियंत्यांना पुरला. संथ चालीचे निम्मे यश कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांना जोडणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचे आहे.

थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ मिटलेला असताना मॅनिफोल्डमधून हवा अगदी थोडी जाते. वाफ न झालेले पेट्रोल भिंतींना चिकटते, ओघळते आणि एखाद्या सिलिंडरला जास्त, दुसऱ्याला कमी मिळते. नळी अरुंद ठेवली तर हवेचा वेग टिकतो, पण भरधाव जाताना इंजिनाला हवा कमी पडते. कार्ब्युरेटर खालच्या बाजूला असेपर्यंत पेट्रोल वर उचलायचे असल्याने नळी रुंद करणे अवघड होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पेट्रोलची मागणी वाढली आणि सहज न उडणारे जड इंधन बाजारात आले. तेव्हा एक्झॉस्टच्या उष्णतेने मॅनिफोल्ड तापवण्याची रीत रूढ झाली. पॅकार्ड या मोटार कंपनीने १९२०च्या सुमारास 'फ्युएलायझर' आणला: त्यात थोडे मिश्रण वेगळे जाळून त्याच्या उष्णतेने उरलेल्याची वाफ करत. १९३०च्या आसपास कार्ब्युरेटर वर गेला आणि नळी रुंद करायला वाव मिळाला.

यावर आक्षेप असा, की संथ चाल सिलिंडरांच्या संख्येवर आणि जड फ्लायव्हीलवर ठरते. त्यांच्यामुळे धक्के सौम्य होतात, हे खरे; पण सिलिंडर वाढले की वाटपही अवघड होते. फोर्डच्या १९३२च्या व्ही-८ इंजिनात एकाच तोंडाचा कार्ब्युरेटर आठही सिलिंडरांना पुरवठा करी. १९३४मध्ये दोन तोंडांचा कार्ब्युरेटर आला आणि मॅनिफोल्डचे दोन मार्ग झाले. प्रत्येक मार्गावर चार सिलिंडर. त्यामुळे लागोपाठ ओढणाऱ्या सिलिंडरांनी एकमेकांचे मिश्रण पळवणे कमी झाले. सिलिंडर तितकेच होते, बदलली होती वाटणी. दुसरा आक्षेप शक्तीचा: तापलेले मिश्रण विरळ होते, म्हणून शक्ती घटते. हे मान्यच आहे. म्हणूनच स्पर्धेच्या गाडीत उष्णता नको असते. रस्त्यावरच्या गाडीला मात्र थोडी शक्ती देऊन एकसारखी चाल घेणे फायद्याचे होते, आणि जुन्या अभियंत्यांनी तो सौदा जाणीवपूर्वक केला.

म्हणून जुनी गाडी दुरुस्त करताना मॅनिफोल्डची उष्णतेची वाट बुजवू नका, रुंद नळीच्या मोहात मूळ भाग फेकू नका. आधी मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरते का ते तपासा, मग स्क्रूला हात लावा.